‘रुग्णाची प्रकृती स्थिर’ असा शेरा मारणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
आरोग्य विमा आणि औषध साहाय्य योजनांमध्ये औषधांच्या मंजुरीवर सही करणारे सर्व अधिकारी,
तसेच श्वासावाटे घ्यायच्या औषधांचे भाव ठरवणारे कंपन्यांचे प्रमुख

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका कार्यालयाचे पत्र गेल्या आठवड्यात आमच्या घरी आले. मजकूर दोन ओळींचा होता. ‘रुग्णाची प्रकृती स्थिर असल्याने सदर औषधाची वैद्यकीय आवश्यकता दिसून येत नाही. सबब दावा नामंजूर.’ औषध होते डॉर्नेज अल्फा, सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारात फुप्फुसातला चिकट कफ पातळ करण्यासाठी श्वासावाटे घ्यायचे. रुग्ण म्हणजे माझी १४ वर्षांची मुलगी. लिफाफ्यावर तिचे नाव होते, म्हणून तो तिनेच फोडला. वाचून झाल्यावर तिने मला विचारले, “बाबा, म्हणजे मी आधी बिघडायचं आणि मग ते औषध देणार?”

मला उत्तर देता आले नाही. आपल्याला देता येईल का, हे विचारण्यासाठी हे पत्र आहे.

रीतसर अपील मी केले आहे, त्याची पोचही मिळाली आहे. पण असे पत्र आमच्या एकाच घरी येते असे नाही. सिस्टिक फायब्रोसिस असलेल्या इतर मुलांच्या आईवडिलांशी माझे फोनवर बोलणे होते. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, शेरा तोच असतो. दुसऱ्या आजारांचे रुग्ण अशा वेळी एकत्र जमतात, कार्यालयावर जाऊन निवेदन देतात. आमच्या मुलांना तेही करता येत नाही. या आजाराचे दोन रुग्ण जवळ आले तर एकाच्या फुप्फुसातले जंतू दुसऱ्याला लागू शकतात, म्हणून डॉक्टर त्यांना एकमेकांपासून किमान ६ फूट लांब राहायला सांगतात. माझ्या मुलीची सर्वांत जिवाभावाची मैत्रीण याच आजाराची आहे. दोघी गेली तीन वर्षे रोज बोलतात, पण एका खोलीत कधीही बसलेल्या नाहीत. या मुलांचा मोर्चा आपल्या दारात कधी येणार नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

आजाराबद्दल थोडे सांगायला हवे. नामंजुरीचे कागद वाचताना मला वारंवार वाटते की सही करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दम्याचा रुग्ण आहे. हा दमा नव्हे. सातव्या गुणसूत्रावर सीएफटीआर नावाचे जनुक असते. १९८९ मध्ये ते सापडले. पेशीच्या कडेने मीठ आणि पाणी ये-जा करण्याची जी वाट असते, ती या जनुकामुळे तयार होते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन्ही प्रती सदोष आल्या की ती वाट नीट बनत नाही. मग घामातून मीठ जास्त जाते आणि फुप्फुसातल्या कफाला पाणी मिळत नाही. कफ सुकून चिकट होतो, बारीक श्वासनलिकांमध्ये अडकतो आणि त्यात जंतू घर करतात. मुलगी तान्ही असताना तिच्या कपाळाचा पापा घेतला की ओठ खारट व्हायचे. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. पुढे घामाची तपासणी झाली तेव्हा त्या खारटपणाचा अर्थ कळला.

१९३८ मध्ये डॉ. डोरोथी अँडरसन यांनी या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले, ते दगावलेल्या मुलांच्या शवविच्छेदनावरून. त्या काळात ही मुले बहुधा शाळेच्या वयापर्यंतही पोचत नसत. आज या आजाराची माणसे नोकरी करतात, लग्न करतात, पन्नाशी पाहतात. हे आपोआप झालेले नाही. त्यात पचनाच्या गोळ्या आहेत, आहार आहे, छातीचा व्यायाम आहे, आणि श्वासावाटे घेतलेली औषधे आहेत. आपण ज्यावर काट मारता, ती हीच.

आता आमच्या घरातली एक सकाळ सांगतो. साडेपाचला तिला उठवतो. आधी श्वासनलिका मोकळ्या करणारा पंप. मग ७ टक्के मिठाचे निर्जंतुक पाणी नेब्युलायझरमधून, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्रातून. या उपायामागची हकिकत मुलीला फार आवडते. ऑस्ट्रेलियात समुद्रातल्या लाटांवर खेळणाऱ्या रुग्णांची छाती इतरांपेक्षा मोकळी राहते असे डॉक्टरांच्या लक्षात आले, तिथून शोध सुरू झाला आणि २००६ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते खारे पाणी घेताना घसा खवखवतो, खोकल्याची उबळ येते, डोळे भरून येतात. पण कफ सुटतो. मग छाती हलवणारे व्यायाम, जोरात श्वास बाहेर टाकणे, थुंकणे, पुन्हा तेच. मग डॉर्नेज. आणि ज्या महिन्यात प्रतिजैविक चालू असते त्या महिन्यात सर्वांत शेवटी टोब्रामायसिन, कारण ते साफ झालेल्या नळ्यांमध्ये पोचायला हवे. संध्याकाळी डॉर्नेज सोडून जवळपास हेच सगळे पुन्हा.

औषध संपत आले की नेब्युलायझरचा आवाज बदलतो. संथ घरघर थांबून तुटक फुरफुर सुरू होते. तेव्हा मुलगी यंत्राच्या कपावर, म्हणजे ज्यात औषध घालतात त्या भांड्यावर, नखाने टिचक्या मारते. कपाच्या भिंतीला चिकटलेले थेंब खाली येतात, पुन्हा थोडी वाफ निघते, ती तेवढीही आत घेते. हे तिला कोणी शिकवलेले नाही. पाच-सहा वर्षांची असल्यापासून ती हे करते, कारण कुपीत काय आहे आणि ते घरात कसे येते, हे तिने आमच्या चेहऱ्यांवरून ओळखले होते.

हे सारे झाले की कपाचे सुटे भाग साबणाच्या पाण्यात धुवायचे, ५ मिनिटे उकळायचे, स्वच्छ कपड्यावर वाळत ठेवायचे. ओला कप तसाच ठेवला तर त्यातच जंतू वाढतात आणि औषधाबरोबर छातीत जातात. दिवसाचे दोन तास यातच जातात. बाकीचा दिवस तिचा.

आता तक्रारी.

पहिली तक्रार ‘स्थिर’ या शब्दाबद्दल आहे, आणि बाकीच्या सगळ्या एका बाजूला ठेवल्या तरी ही पुरेशी आहे. मुलीची एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात ती किती हवा बाहेर टाकू शकते तो आकडा, गेली दोन वर्षे फारसा खाली आलेला नाही. हे खरे आहे. ही बातमी आम्ही डॉक्टरांकडून ऐकली तेव्हा तिची आई दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली होती. तोच आकडा आपण औषध थांबवायचे कारण म्हणून लिहिलात. ती औषध घेऊन स्थिर आहे. औषध न घेता ती कशी असेल, हे त्या आकड्यात कुठेही लिहिलेले नाही.

डॉर्नेज काय करते ते पाहा. फुप्फुसात जंतूंशी लढून पांढऱ्या पेशी मरतात आणि त्यांचा डीएनए कफात सांडतो. त्याचे लांबच लांब धागे कफाला दोरीसारखा चिवटपणा आणतात. डॉर्नेज हे धागे कापते. काम एवढेच, आणि ते रोज करावे लागते, कारण धागे रोज तयार होतात. ते थांबवले तर दुसऱ्या दिवशी कोणी अत्यवस्थ होत नाही. कफ हळूहळू साचतो, संसर्ग वाढतो, श्वासनलिका सैल होऊन रुंदावतात. आणि एकदा रुंदावलेली नळी पूर्ववत होत नाही. आपण ज्या ‘गरजे’ची वाट पाहता, ती दिसू लागेपर्यंत हातातून गेलेले परत मिळणार नसते.

आधीच्या एका नामंजुरीत वेगळे कारण होते: सीएफटीआरचा दोष भरून काढणाऱ्या नव्या गोळ्या आल्याने श्वासावाटे घ्यायच्या औषधांची गरज उरलेली नाही, संशोधनानेच तसे दाखवले आहे. कोणते संशोधन, ते लिहिले नव्हते. मी आमच्या डॉक्टरांना विचारले. त्यांचा अंदाज असा की रोख सिम्प्लिफाय नावाच्या अभ्यासाकडे असावा, तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मी तो त्यांच्याकडून समजावून घेतला. त्यात भाग घेणारे सगळे १२ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते, त्यांची फुप्फुसे बऱ्यापैकी चांगली होती, आणि सगळे जण तीन औषधांची नवी संयुक्त गोळी घेत होते. त्यांच्यापैकी काहींनी खारे पाणी किंवा डॉर्नेज ६ आठवडे बंद केले आणि तेवढ्या काळात फुप्फुसांच्या क्षमतेत लक्षणीय फरक पडला नाही. ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या मुलांचा रोजचा एखादा तास त्यामुळे मोकळा झाला, त्यांच्याबद्दल मला मनापासून बरे वाटते. पण माझी मुलगी त्या गोळ्या घेत नाही. तिच्या जनुकातले दोन्ही दोष असे आहेत की त्या गोळ्या तिच्यावर चालतच नाहीत. ही माहिती तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे. दुसऱ्यांच्या ६ आठवड्यांवरून तिच्या आयुष्यभराचा निर्णय घेताना कोणीतरी ते पहिले पान उलटायला हवे होते.

दुसरी तक्रार कपाची आहे. ऐकायला क्षुल्लक वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो. औषध बारीक नळ्यांपर्यंत पोचायचे तर थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असावे लागतात. त्याहून मोठे थेंब घशातच बसतात. हा आकार औषध ठरवत नाही, कप आणि यंत्र ठरवतात. कप रोज उकळून उकळून झिजतो, म्हणून ठरावीक महिन्यांनी तो बदलावा लागतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे टोब्रामायसिन मंजूर झाले आणि नवा कप नामंजूर झाला. शेरा होता, ‘उपभोग्य वस्तू योजनेत समाविष्ट नाही.’ जुनाच वापरू, काय बिघडते, असे आम्हालाही वाटले. पंधरा मिनिटांत संपणारे औषध आधी वीस, मग तीस मिनिटे चालू लागले. मुलगी कंटाळायची, आम्ही तिच्यावर ओरडायचो. दवाखान्यातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो कप हातात घेऊन उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, “यातून वाफ नाही, नुसता फवारा निघतोय.” कित्येक आठवडे महागडे प्रतिजैविक तिच्या घशाला लागून वाया गेले होते. औषधाचे पैसे आपण दिले होते. कपाचे वाचवले होते. आणि चिडचिड करते म्हणून बोलणी खाल्ली होती मुलीने. ते मला अजून सलते.

तिसरी गोष्ट, ‘स्वस्त पर्याय’. इथे मी काळजीपूर्वक लिहितो, कारण स्वस्त औषधाला माझा मुळीच विरोध नाही. तेच औषध, त्याच स्वरूपात, दुसऱ्या कंपनीचे कमी भावात मिळत असेल तर जरूर द्या, आम्ही आनंदाने घेऊ. पण एका अधिकाऱ्यांनी फोनवर मला सुचवले की टोब्रामायसिनचे इंजेक्शन मिळतेच, तेच नेब्युलायझरमध्ये घाला. शिरेतून द्यायच्या इंजेक्शनमध्ये ते टिकावे म्हणून फिनॉल, सल्फाइट यांसारखे पदार्थ घातलेले असू शकतात. ते श्वासनलिकेला झोंबतात, त्या आवळल्या जाऊ शकतात. १९९७ मध्ये अमेरिकेत श्वासावाटे घ्यायचे टोब्रामायसिन मंजूर झाले, तेच मुळी असे पदार्थ वगळून खास फुप्फुसांसाठी बनवलेले होते. ५ मिलिलिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, २८ दिवस चालू, २८ दिवस बंद. सूडोमोनास नावाच्या चिवट जंतूवर ते थेट जाऊन पडते आणि रक्तात फार थोडे उतरते, त्यामुळे मूत्रपिंड आणि कान सांभाळले जातात.

दुसऱ्या एका घरी कोलिस्टिन हे प्रतिजैविक आगाऊ विरघळवून आठवडाभर पुरवायचा सल्ला दिला गेला. २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याच गोष्टीबद्दल इशारा दिला होता. आधीच विरघळवून ठेवलेले हे औषध घेतल्यानंतर सिस्टिक फायब्रोसिसच्या एका रुग्णाचा मृत्यू झाला होता. पाण्यात मिसळून ठेवले की त्यातून फुप्फुसांना घातक घटक तयार होऊ लागतो, म्हणून ते मिसळल्याबरोबर लगेच घ्यायचे असते. फोनवरून असे सल्ले देऊ नका, ही हात जोडून विनंती.

चौथे, कॅलेंडर. २८ दिवस चालू आणि २८ दिवस बंद हे औषधाचे वेळापत्रक आहे, आमच्या आळसाचे नव्हे. बंद महिन्यात आम्ही औषध उचलले नाही म्हणून एकदा ‘रुग्ण नियमित उपचार घेत नाही’ अशी नोंद झाली आणि पुढच्या महिन्याची मंजुरी अडकली. ती सुटेपर्यंत ११ दिवस गेले. जंतूंना २८ दिवसांची मोकळीक द्यायची ठरली होती, त्यांना ३९ मिळाले. शिवाय दर वर्षी आजार ‘अद्याप कायम असल्याचे’ प्रमाणपत्र मागितले जाते. जन्मापासून प्रत्येक पेशीत असलेला दोष वर्षाअखेरीस नाहीसा होत नाही. त्या कागदासाठी मुलीचा शाळेचा एक दिवस जातो, माझी एक रजा जाते, आणि रुग्ण तपासण्याचा डॉक्टरांचा वेळ जातो.

पाचवे, थोडक्यात. डॉर्नेज २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये, उजेडापासून दूर ठेवावे लागते, आणि फ्रिजबाहेर ठरावीक वेळेपेक्षा जास्त राहिले तर ते टाकून द्यावे लागते. तरीही एकदा खोके दुपारभर दारात पडून होते. पोचवल्याची नोंद झाली होती, त्यामुळे बदली कुप्या मिळाल्या नाहीत.

आणि सहावी तक्रार वेळेबद्दल. टोब्रामायसिन कोरड्या पुडीच्या कॅप्सूलमध्येही मिळते. एका वेळी ४ कॅप्सूल ओढायच्या, पाच-सहा मिनिटांत काम होते, उकळायला कप नाही. ते मागितले तर ‘केवळ सोयीसाठी’ म्हणून नामंजूर. पुडीने काही जणांना खोकला जास्त येतो, सगळ्यांना ती मानवत नाही, हे मला माहीत आहे. पण तो निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने घ्यायचा. १४ वर्षांच्या मुलीचा दिवसातला अर्धा तास वाचणे ही नुसती सोय नाही. या वयात मुले उपचारांना कंटाळतात, लपवून टाळतात, हे या आजाराचा प्रत्येक डॉक्टर सांगेल. जे औषध घेतले जाते तेच गुण देते.

आता एक गोष्ट सांगतो. ती मी अपिलात लिहिलेली नाही आणि लिहिताना मला जड जाते आहे.

गेल्या वर्षी डॉर्नेजची मंजुरी लांबली तेव्हा आम्ही काही खोकी स्वतः विकत घेतली. ती संपत आली आणि हातात पैसे नव्हते. तेव्हा मी एका कुपीतले अर्धे औषध कपात घालायचो आणि उरलेले अर्धे झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचो. कुपी एकदाच वापरायची असते, उघडल्यावर उरलेले टाकायचे असते, त्यात ते टिकवणारे काहीही नसते. हे मला माहीत होते. तरी ९ दिवस मी हे केले, तिच्या आईलाही न सांगता. नवव्या दिवशी यंत्र लवकर फुरफुरायला लागले तेव्हा मुलीने कपाला टिचकी मारली, माझ्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, “बाबा, तू अर्धंच घातलंस ना?” तिला पहिल्या दिवसापासून कळले होते. मला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती.

डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, असे करणारे तुम्ही पहिले नाही. मात्रा कमी करायची किंवा एक दिवसाआड द्यायची तर तेही कधी कधी विचारपूर्वक करता येते, पण ते छातीकडे पाहून ठरवायचे असते. मी ते पाकिटाकडे पाहून ठरवले होते. त्या ९ दिवसांची जबाबदारी माझी आहे, ती मी आपल्यावर ढकलत नाही. पण मला त्या जागी कोणी आणून उभे केले, हे आपल्या कागदपत्रांत तारखांसकट आहे.

औषध कंपन्यांना दोन शब्द. डॉर्नेज अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झाले, टोब्रामायसिनचे द्रावण १९९७ मध्ये. ज्यांनी ही औषधे शोधली, त्यांचे उपकार मी विसरू शकत नाही. माझी मुलगी आज आहे ती त्यांच्यामुळे. पण ही काल-परवाची औषधे नव्हेत. शोधाचा खर्च हे कारण तीन दशकांनंतरही तेच कसे राहते? डॉर्नेज हे प्रथिन आहे, ते बनवायला साध्या गोळीपेक्षा अवघड आहे, रुग्ण थोडे आहेत, म्हणून दुसरे कोणी त्यात पडत नाही, असे मला सांगितले गेले. रुग्ण थोडे आहेत हे खरेच. त्या थोड्यांना जायला दुसरी जागा नाही, म्हणून भाव ठरवताना हात जपून चालवावा, असे मला वाटते. आपल्या काहींच्या मदत योजना आहेत. त्यातल्या एका ताईंनी आम्हाला अडचणीच्या वेळी फार सांभाळून घेतले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण वर्षअखेरीला बंद होणाऱ्या आणि नव्या अर्जावर चालणाऱ्या मदतीवर श्वास चालवता येत नाही.

२०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सिस्टिक फायब्रोसिसच्या नव्या गोळ्यांना जागा दिली. हा आजार मोजक्यांचा असला तरी त्याचे औषध अत्यावश्यक असू शकते, हे त्यातून मान्य झाले. ज्यांना त्या गोळ्या लागू पडत नाहीत आणि ज्यांना त्या परवडत नाहीत, त्यांच्याकडे आज जे आहे ते नेब्युलायझरच्या कपात आहे.

माझ्या मागण्या अशा:

प्रकृती स्थिर असणे हे औषध नाकारण्याचे कारण म्हणून यापुढे वापरू नये. श्वासावाटे घ्यायचे औषध थांबवायचे असेल तर ते रुग्णावर उपचार करणाऱ्या सिस्टिक फायब्रोसिसच्या डॉक्टरांच्या लेखी मतावरूनच थांबावे.

औषध, नेब्युलायझर, बदली कप आणि निर्जंतुक करण्याचे साहित्य यांना एकच उपचार मानून एकत्र मंजुरी द्यावी.

निदान एकदा सिद्ध झाले की दर वर्षी आजाराचा पुरावा मागू नये. चालू-बंद महिन्यांचे वेळापत्रक मंजुरीतच नोंदवावे.

पर्यायी औषध सुचवायचे तर तेच औषध, त्याच स्वरूपातले असावे. नामंजुरीवर हा आजार जाणणाऱ्या डॉक्टरची सही असावी, आणि संशोधनाचा आधार घेतला असेल तर त्याचे नाव लिहावे, म्हणजे आम्हाला ते वाचता येईल.

अपिलाचा निकाल लागेपर्यंत चालू औषध चालूच ठेवावे. या एका मागणीवर आपण आजसुद्धा सही करू शकता, त्यासाठी कोणताही नवा नियम लागत नाही.

आणि कंपन्यांनी या जुन्या औषधांचे भाव कमी करावेत. जिथे ती नोंदवलेलीच नाहीत तिथे नोंदवावीत, किंवा दुसऱ्या कोणाला ती बनवायची असतील तर वाट अडवू नये.

हे पत्र पाठवण्याआधी मी मुलीला वाचून दाखवले. अर्ध्या कुपीचा भाग वगळू का, असे विचारले. ती म्हणाली, राहू दे. मात्र तिने एक दुरुस्ती सुचवली: ती टिचक्या पाच-सहाची असल्यापासून मारत नाही, चारची असल्यापासून मारते.

टोब्रामायसिनच्या चालू महिन्याचा आज १९ वा दिवस आहे. उरलेल्या ९ दिवसांच्या १८ कुप्या घरात आहेत. डॉर्नेजच्या ६ उरल्या आहेत. मी त्या अर्ध्या करणार नाही, तसे मुलीला वचन दिले आहे. आपले उत्तर सातव्या दिवसाच्या आत यावे, ही विनंती.

आपला,
एका १४ वर्षांच्या मुलीचा बाबा